टोलमाफी नॉर्वेची आणि महाराष्ट्राची

पुणे - पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरील मोटारीचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने विजेवरील मोटारी व बसगाड्यांना तो माफ केला. कार्बन उत्सर्जन रोखण्यासाठी योजलेला हा उपाय नवा नाही. नॉर्वेने अशी माफी १९९७ मध्येच दिली होती.

नॉर्वे मात्र तेवढ्यावर थांबला नाही. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींवर नोंदणीच्या वेळी जबर कर ठेवला आणि विजेवरील मोटारींना २००१ पासून मूल्यवर्धित करातून वगळले. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरील होत्या. विक्री वाढू लागल्यावर टोलमाफी हळूहळू मागे घेण्यात आली. तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेल्या देशाला हे परवडले, हेही खरेच.

लंडनने माफीऐवजी आकारणीची वाट धरली. २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींकडून दिवसाला पाच पौंड घेतले जाऊ लागले आणि ते उत्पन्न वाहतुकीवर, प्रामुख्याने बससेवेवर, खर्च झाले.

पुण्यात पीएमपीच्या विजेवरील बस फेब्रुवारी २०१९ पासून धावू लागल्या. तथापि टोलमाफीचे धोरण आले त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, पीएमपीचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपयांवर गेले. मोटारमालकाला सवलत, बसप्रवाशाला दरवाढ! वास्तविक प्रवाशांनी भरलेली बस, मग ती डिझेलवरील का असेना, पेट्रोलच्या मोटारीपेक्षा दरडोई कितीतरी कमी कार्बन वायू सोडते.