फाइल मोठी केली, तरी चेहरा स्पष्ट का होत नाही?

हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाका हे गाव आहे. तिथला दहावीचा एक विद्यार्थी मध्यंतरी माझ्याकडे आला होता. घरच्या लग्नात हळद दळताना त्याच्या आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. त्याने त्यांचे मोबाइलवर अकरा मिनिटांचे चित्रण केले, नातेवाइकांना पाठवले आणि फोन भरला म्हणून मूळ चित्रण पुसून टाकले. पुढे आजी वारल्या. वर्षश्राद्धाला ते चित्रण दाखवावे म्हणून त्याने नातेवाइकांकडून आलेली प्रत संगणकावर घेतली आणि संपादन करून सर्वांत मोठ्या मापात बाहेर काढली. ‘सर, फाइल जवळजवळ पाच गिगाबाइटची झाली, तरी आजीचा चेहरा ठोकळ्यांचाच दिसतो. असे का?’ हा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात बरेच विज्ञान दडलेले आहे.

चित्रणाचे वजन किती?

आपण थोडे गणित करू. पूर्ण एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरल्यास एका फ्रेमला ६२,२०,८०० बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला १५ कोटी ५५ लाख बाइट झाले. अकरा मिनिटांचे होतात सुमारे १०३ गिगाबाइट! एवढे ओझे ना फोनला पेलवेल ना पेनड्राइव्हला. म्हणून चित्रण आकुंचित करावे लागते. हे आकुंचन करणाऱ्या रीतीला ‘कोडेक’ म्हणतात. २००३ साली आलेला एच.२६४ हा कोडेक आजही बहुतेक सर्व फोन व संगणकांवर चालतो.

पुष्कळजण एमपी४ म्हणजेच कोडेक असे समजतात. तसे नाही. एमपी४ हे पोते आहे आणि कोडेक ही आत माल बांधण्याची रीत. म्हणूनच नावापुढे एमपी४ असूनही एखादी फाइल जुन्या टीव्हीवर चालत नाही. पोते ओळखीचे असते, आतली बांधणी मात्र टीव्हीला उलगडता येत नाही.

काय ठेवले, काय टाकले?

कोडेक दोन युक्त्या वापरतो. आजीच्या मागची भिंत अकरा मिनिटे जागची हललेली नाही. मग ती प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा कशाला लिहायची? ती एकदा लिहावी आणि नंतर फक्त बदल नोंदवावेत. इथे बदल होतो तो फिरणाऱ्या जात्यात आणि आजीच्या हातात.

दुसरी युक्ती लहरींची आहे. चित्राचे छोटे चौरस पाडून प्रत्येक चौरसातील उजेड-अंधाराचा चढउतार संथ आणि जलद लहरींची बेरीज म्हणून मांडतात. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली या मांडणीची रीत प्रसिद्ध केली. आजच्या कोडेकांच्या मुळाशी तीच कल्पना आहे. गालाची सर्वसाधारण छटा संथ लहरींत येते, सुरकुत्या आणि केस जलद लहरींत. जागा कमी पडली की कोडेक आधी जलद लहरी टाकतो. फारच कमी पडली तर एका चौरसासाठी जवळजवळ एकच छटा उरते. तेच ते ठोकळे.

संदेशातून पाठवताना आजीचे चित्रण ८४८ × ४८० इतके लहान झाले होते. त्या मुलाने ते ३८४० × २१६० मापात बाहेर काढले, म्हणजे एका बिंदूपासून सुमारे वीस बिंदू बनवले. पण नवे बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरलेले होते. सुरकुत्यांची माहिती पहिल्याच आकुंचनात गेली होती, ती कोठून येणार? सांडलेले पाणी मोठा हंडा आणून परत भरत नाही.

मग पर्याय कोणते निवडावेत?

संपादनानंतर फाइल बाहेर काढताना मुख्यतः तीन गोष्टी ठरवायच्या असतात.

बिंदूंचे माप मूळ चित्रणाइतके ठेवावे. वाढवून लाभ नाही.

दर सेकंदाच्या फ्रेमही मूळ चित्रणाइतक्याच ठेवाव्यात. तीसच्या पंचवीस केल्या तर काही फ्रेम गाळल्या जातात आणि जाते अडखळत फिरल्यासारखे दिसते.

तिसरी गोष्ट बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च करायचे बिट. फाइलचे वजन यावरच ठरते. बिटरेटला सेकंदांनी गुणा आणि ८ ने भागा. अकरा मिनिटे म्हणजे ६६० सेकंद. ८ मेगाबिट दराने ६६० मेगाबाइट होतात. पूर्ण एचडीसाठी हा दर साधारणपणे पुरतो. त्या मुलाने ६० मेगाबिट निवडले होते, म्हणून ४,९५० मेगाबाइट झाले.

नेहमीच्या चार अडचणी

१. *पेनड्राइव्हवर जागा असूनही फाइल उतरत नाही.* अनेक पेनड्राइव्हवर ‘फॅट३२’ पद्धतीची मांडणी असते. तीत फाइलची लांबी ३२ बिटांत लिहितात, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. बिटरेट कमी करावा, किंवा आतील सर्व फाइली दुसरीकडे ठेवून पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करावा. फॉरमॅट करताना आतील सारे पुसले जाते हे विसरू नका.

२. *ओठ आणि आवाज जुळत नाहीत.* कमी उजेडात फोन फ्रेमची संख्या थोडी कमी-जास्त करतो. समजा, सरासरी २९.९ फ्रेम पडल्या आणि संगणकाने ३० धरल्या. ६६० सेकंदांत १९,७३४ फ्रेम झाल्या. त्या ३० च्या वेगाने ६५७.८ सेकंदांतच संपतील, म्हणजे शेवटी चित्र आवाजाच्या सुमारे सव्वादोन सेकंद पुढे! उपाय असा की संपादनापूर्वीच हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीत चित्रण स्थिर फ्रेम-दराचे करून घ्यावे.

३. *ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकतात.* आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. दर आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते, कारण तो चित्र ओळीओळीने टिपतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले की प्रत्येक ओळीला पूर्ण उजळण्या मिळतात आणि पट्टे जातात. हा उपाय चित्रण करतानाच करायचा असतो. नंतर पर्याय बदलून पट्टे जात नाहीत.

४. *मराठी शीर्षक मोडते.* ‘किरण’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी संपादन-प्रणालीने करायची असते. तिला ती जमत नसेल तर ‘ओव्या’चे ‘ओव् या’ होते. अक्षरजुळणीच्या पर्यायांत भारतीय लिपी निवडावी आणि मुक्तासारखा युनिकोड फाँट वापरावा. तरीही मोडले तर शीर्षकाचे चित्र करून ते चित्रणावर ठेवावे.

स्वतः करून पाहा

हलत्या हाताचे एक मिनिटाचे चित्रण घ्या. ते ८, ४ आणि १ मेगाबिट दराने बाहेर काढा. आता १ मेगाबिटची प्रत पुन्हा ८ मेगाबिट दराने काढा. चारही फाइलींचे वजन आधी सूत्राने काढून वहीत लिहा, मग प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहा. शेवटी पहिल्या आणि चौथ्या फाइलीतील बोटे शेजारीशेजारी ठेवून पाहा. वजन जवळपास सारखे असूनही फरक दिसेल.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, ‘पर्याय बदलत बसू नकोस, मूळ प्रत शोध.’ दहाबारा दिवसांनी त्याचा फोन आला. लग्नाच्याच दिवशी वाशीमच्या मामेबहिणीने ते चित्रण केबलने आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले होते. ट्यूबलाइटचे पट्टे त्यात होतेच, पण आजीच्या कपाळावरची रेघ न् रेघ दिसत होती. या वेळी त्याने ८ मेगाबिट दर ठेवला आणि मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन घरी ठेवल्या.

तुमच्या घरीही असे एखादे चित्रण असेल. ते पाठवताना कितीही लहान करा, पण मूळ फाइल पुसण्यापूर्वी तिची प्रत दुसरीकडे ठेवा. एकदा टाकलेली माहिती कोणतीही संगणक-प्रणाली परत मिळवून देत नाही.