मन की मेंदू? लेखांक ६ : डोक्यातलं बिऱ्हाड

समजा, सुरतजवळच्या इच्छापोरला भाड्याच्या खोलीत राहून हजिऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणारा खानदेशातला एक तरुण अचानक बदलला. रात्र-रात्र जागतो, डब्यात कुणीतरी विष कालवतंय म्हणतो, भावालाही ओळख देत नाही. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा. गावाकडे भगत, इकडे भुवा, अशा मांत्रिकांच्या दारी दोन-तीन महिने जातात. शेवटी कुणीतरी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतं. डॉक्टर विचारतात, "याला कधी आकडी आली होती का?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

भारतात नोकरी करून परतलेल्या अनेक ब्रिटिश सैनिकांना पुढे फिट्स येऊ लागल्या. कुणाला अपस्माराचा रोगी ठरवलं, कुणाला वेडा, तर कुणावर सोंग घेतल्याचा संशय आला. १९३० च्या दशकात लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी अशा सैनिकांचं अंग चाचपून पाहिलं, तेव्हा काहींच्या कातडीखाली बारीक गाठी हाताला लागल्या. काहींच्या मांड्यांच्या एक्स-रेत स्नायूंमध्ये तांदळाचे दाणे विखुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. ती डुकराच्या पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची, मरून चुना धरलेली पिल्लं होती. तसलीच पिल्लं मेंदूतही होती. पुढे डिक्सन आणि लिप्सकॉम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध केला.

या आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. आम्ही तर शाकाहारी, मग आम्हाला कसा होईल, हा नेहमीचा प्रश्न. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात मोठा कृमी वाढतो, हे खरं. पण मेंदूचा आजार होतो तो त्या कृमीच्या अंड्यांमुळे. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून, सांडपाण्यावर पिकवलेल्या कोथिंबीर-मुळ्यावरून कुणाच्याही तोंडात जातात. आतड्यात फुटलेल्या अंड्यातून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत पोचते आणि पाणीदार फोड करून राहते. कित्येक वर्षं तिचा पत्ताही लागत नाही. ती मरू लागली की भोवती सूज येते, आणि मग आकडी, डोकेदुखी, कधी भ्रम.

आपल्याकडे सीटी स्कॅन आल्यावर आकडीच्या रुग्णांच्या मेंदूत एकच लहान डाग वारंवार दिसू लागला. तो क्षयाचा समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस असे डाग शस्त्रक्रियेने काढून तपासले, तेव्हा त्यांतले बरेच याच अळीचे निघाले.

मनावरचा परिणामही किरकोळ नाही. ब्राझीलमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३८ रुग्णांपैकी २५ जणांना मानसिक विकार होता आणि त्यांतही नैराश्य सर्वाधिक होतं.

म्हणून वागणं एकाएकी पालटलं आणि सोबत आकडी, नवी डोकेदुखी, उलट्या किंवा दिवसा-दिवसाला बदलणारी शुद्ध असेल, तर मेंदूचा स्कॅन टाळू नये. अळी जिवंत असेल तर अल्बेंडाझोल देतात, पण सूज वाढू नये म्हणून स्टिरॉइडच्या जोडीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुकानातून गोळी आणून घेणं धोक्याचं. घरातल्या इतरांची विष्ठा-तपासणीही करून घ्यावी, कारण अंडी पसरवणारा बहुधा जवळपासच असतो.

(पुढील लेखांकात : शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तेव्हा)