नॅनोसंरचित लक्ष्यांचे लेसर-तापन

नॅनोसंरचित लक्ष्यांचे लेसर-तापन म्हणजे पृष्ठभागावर नॅनोमीटर मापाच्या तारा, कण वा खाचा असलेल्या घन पदार्थावर अतितीव्र, अतिलघु लेसर स्पंद केंद्रित करून त्याचे दाट व अतितप्त प्लाझ्मात रूपांतर करण्याची पद्धती होय. असा स्पंद काही दहा फेमटोसेकंद टिकतो. ३० फेमटोसेकंदांत प्रकाश जेमतेम ९ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर कापतो. स्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आक्रसण्याचे तंत्र डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडल्यावर असे स्पंद मध्यम आकाराच्या प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आले. या कार्याबद्दल दोघांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सपाट पृष्ठभागाची अडचण

गुळगुळीत धातूवर तीव्र स्पंद पडताच पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि तो आरशासारखे वागू लागतो. प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांची घनता एका क्रांतिक मर्यादेपलीकडे गेली की प्रकाश आत शिरू शकत नाही. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी ही मर्यादा दर घन सेंटीमीटरला सुमारे १.७ × १० चा २१ वा घात इतकी आहे. तांब्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता तिच्या सुमारे ५० पट भरते. परिणामी ऊर्जेचा मोठा भाग परावर्तित होतो आणि उरलेला अत्यंत पातळ थरातच मुरतो.

संरचनेचा परिणाम

उभ्या नॅनोतारांच्या दाटीत मात्र प्रकाश तारांमधील पोकळीतून खोलवर उतरतो. तारांच्या बाजूंवरून ओढले गेलेले इलेक्ट्रॉन त्या पोकळीत वेग घेतात, शेजारच्या तारांवर आदळतात व त्यांना तापवतात. त्यामुळे केवळ वरचा थर नव्हे, तर काही मायक्रोमीटर खोलीचे आकारमानच तापते. सूक्ष्म कणांच्या बाबतीत कारण थोडे वेगळे आहे. तेथे पृष्ठीय प्लाझ्मॉनांचे अनुनाद, तसेच तडितवाहकाच्या टोकाशी होते तसे विद्युतक्षेत्राचे केंद्रीकरण, शोषण वाढवतात.

अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठातील होर्हे रोका यांच्या गटाने २०१३ मध्ये अवघ्या अर्ध्या ज्यूल ऊर्जेच्या स्पंदांनी निकेल व सोन्याच्या नॅनोतारा तापवल्या. सोन्याच्या अणूंतून ५२ पर्यंत इलेक्ट्रॉन निघाले आणि इलेक्ट्रॉनांची घनता क्रांतिक मर्यादेच्या जवळजवळ १०० पट झाली. २०१८ मध्ये याच गटाने ड्युटेरियमयुक्त पॉलिइथिलीनच्या नॅनोतारांतून दर ज्यूलमागे सुमारे २० लाख संलयनजन्य न्यूट्रॉन मिळवले. सपाट लक्ष्याच्या तुलनेत ही वाढ सुमारे ५०० पट होती. ही संख्या ऊर्जानिर्मितीच्या दृष्टीने नगण्य असली, तरी लघुकालीन न्यूट्रॉनस्रोत म्हणून ती महत्त्वाची ठरते.

पूर्वस्पंदाचा धोका

या पद्धतीचे यश लेसरच्या शक्तीइतकेच त्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. मुख्य स्पंदाच्या आधी येणारा प्रकाश त्याच्या तुलनेत अत्यंत क्षीण असला, तरी तारा वितळवण्यास पुरेसा ठरू शकतो. तसे झाल्यास मुख्य स्पंदाला पोकळ्यांऐवजी सलग प्लाझ्माच भेटतो आणि संरचनेचा लाभ मावळतो. उपाय म्हणून अनेकदा स्पंदाची वारंवारता दुप्पट केली जाते. हे रूपांतर तीव्रतेवर अवलंबून असल्याने क्षीण पूर्वस्पंद जवळजवळ गाळला जातो, मात्र त्यासाठी मुख्य स्पंदाची काही ऊर्जा गमवावी लागते. पूर्वस्पंद टाळला तरी तापलेल्या तारा फुगून पोकळ्या थोड्याच वेळात बुजतात, म्हणून स्पंद लघु असणे अटळ आहे.

मुंबईतील संशोधन

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने २००३ मध्ये तांब्याच्या नॅनोकणांचा लेप दिलेल्या लक्ष्यांतून कठोर क्ष-किरणांचे उत्सर्जन १३ पटींनी वाढल्याचे दाखवले. पुढे २०१२ मध्ये याच संस्थेत काचेवर ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊन प्रयोग झाला, तेव्हा साध्या काचेच्या तुलनेत ही वाढ १०० पटींहून अधिक भरली. जिवाणू मायक्रोमीटर मापाचे असल्याने काटेकोर अर्थाने ही नॅनोसंरचना नव्हे. परंतु महागड्या कोरीव लक्ष्याऐवजी सहज वाढवता येणारा थरही चालतो, हे त्यातून स्पष्ट झाले.