मॉनिटर गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

काळ्याठिक्कर पडलेल्या मॉनिटरला संगणक जोडायचा, खोलीतला दिवा घालवायचा आणि पडद्यावर टॉर्चचा झोत तिरका मारायचा. झोतात एखादं पुसट चिन्ह किंवा माउसचा बाण दिसला, तर अर्धं निदान तिथेच झालं. चित्र तयार होतंय, गेलाय तो फक्त मागचा उजेड. ही परीक्षा फुकट आहे, तरी ती न करताच कितीतरी मॉनिटर भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. जुन्या मॉनिटरमध्ये त्यामागे पेन्सिलीहून बारीक फ्लुरोसंट नळ्या असत, नंतर त्यांची जागा एलईडीच्या पट्ट्यांनी घेतली. आत बहुधा दोन मुख्य पाट्या सापडतात. मेन बोर्ड केबलमधून आलेल्या सिग्नलचं चित्र करतो. पॉवर बोर्ड घरातल्या २३० व्होल्टमधून ५, १२ असे किरकोळ व्होल्ट काढून सगळ्यांना वाटतो. नळ्या पेटवण्यासाठी लागणारे शेकडो व्होल्ट तयार करणारा इन्व्हर्टरही पुष्कळदा याच पाटीवर बसवलेला असतो. सगळा भार आणि सगळी उष्णता पॉवर बोर्डाच्या वाट्याला येते. साहजिकच आधी तोच मरतो.

त्यातही संशयित ठरलेला आहे: इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. अॅल्युमिनियमचा छोटा डबा, आत द्रावणात भिजलेला कागद. द्रावण सुकलं की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज थरथरायला लागतं आणि मेन बोर्ड पुन्हापुन्हा बेशुद्ध पडतो. म्हणून मॉनिटर एकदम मरत नाही. सुरुवातीला चालू व्हायला दहा मिनिटं घेतो, मग बटणाचा दिवा नुसता लुकलुकतो, शेवटी तोही विझतो. या आजाराची जगभर साथही येऊन गेली. साधारण १९९९ ते २००७ या काळात तैवानमध्ये बनलेल्या कित्येक कपॅसिटरमधलं द्रावण सदोष होतं. आत वायू साठून डबे फुगत, फुटत. एका कंपनीतून चोरलेलं सूत्र अर्धवट होतं म्हणून हे घडलं, अशी कथा तेव्हा फार गाजली. मदरबोर्ड, मॉनिटर, टीव्ही, कोणीच सुटलं नाही.

फुगलेला कपॅसिटर ओळखायला मीटर लागत नाही. त्याच्या डोक्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात. तो भाग सपाट हवा. घुमटासारखा वर आला असेल किंवा तिथे तपकिरी डाग दिसत असेल, तर तो गेला. न फुगताही कपॅसिटर बाद होऊ शकतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

आता धोक्याचं. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असं इथे होत नाही. पॉवर बोर्डावरच्या सर्वांत मोठ्या कपॅसिटरमध्ये चालू असताना सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि बिघडलेल्या बोर्डावर ते प्लग काढल्यानंतरही बराच वेळ टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे बहाद्दर सगळीकडे भेटतात. शहाणे लोक इन्सुलेशन असलेल्या टोकांनी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद जोडतात आणि मल्टिमीटरवर आकडा शून्याजवळ आल्याशिवाय हात घालत नाहीत. जुने पिक्चर ट्यूबवाले डबा मॉनिटर तर घरी उघडूच नयेत. तिथे वीस हजार व्होल्टच्या पुढची बात असते.

मॉनिटरची पुढची चौकट बहुधा खटक्यांवर बसलेली असते. स्क्रूड्रायव्हर खुपसला की ओरखडे ठरलेले. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवलं की एकेक खटका सुटत जातो. पाटीचे फोटो काढावेत आणि मगच जुने कपॅसिटर उतरवावेत. नव्याचं मायक्रोफॅरड मूल्य तेच हवं, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंश आणि जात ‘लो ईएसआर’, म्हणजे अंतर्गत रोध कमी असलेली. पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण. ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतोच.

माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतो, दामही किरकोळ. पण नाव मोठं आणि भाव नको इतका कमी असेल तर शंका घ्यावी. जुन्या किंवा हलक्या मालावर नवं वेष्टण चढवून विकणारेही आहेत. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांवर ढोबळमानाने ८,००० तास टिकतो, कारण दर दहा अंश घटीला आयुष्य जवळपास दुप्पट होतं. मॉनिटरमागची जाळी धुळीने बुजू देऊ नये, ती यासाठी.

बोर्ड जोडला की थेट प्लगात खुपसण्याची घाई मेकॅनिक करत नाही. तो सिरीज बोर्ड काढतो, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत एक जुना ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे. पण बल्बने प्रवाह अडवल्यामुळे फ्यूज आणि नवे भाग शाबूत राहिलेले असतात.

चित्र येऊन दोनएक सेकंदांत विझत असेल, तर एखादी नळी किंवा इन्व्हर्टर बिघडलेला असू शकतो. पाऱ्याच्या त्या नळ्या फोडू नयेत. पडद्यावर उभ्या रेघा आल्या असतील, तर मात्र घरच्या सोल्डरने काही साधत नाही. दोष काचेला चिकटवलेल्या बारीक फितीत असतो, ती जोडायला वेगळं यंत्र लागतं आणि त्या खर्चात दुसरा जुना मॉनिटर येतो. अशा मॉनिटरची काच ई-कचऱ्यात देतात. पॉवर बोर्ड मात्र काढून, मॉडेल नंबर लिहून कपाटात ठेवतात. पुढचा मेलेला मॉनिटर त्याच मॉडेलचा असू शकतो.