तज्ज्ञाची चूक आणि तिच्या भरपाईचा विमा

शेतीचा धंदा आतां केवळ घरच्या मनुष्यबळावर चालत नाहीं. जनावर आजारी पडलें तर पशुवैद्य लागतो. शेततळें बांधावयाचें तर इंजिनिअर, आणि फवारणीचा सल्ला घ्यावयाचा तर शेतकी पदवीधर लागतो. या मंडळींस आपण मोबदला देतों तो त्यांच्या ज्ञानाबद्दल. त्यांत हयगय झाली तर नुकसान कोणीं सोसावयाचें? बहुधा शेतकरीच तें निमूटपणें सोसतो. भरपाई मागतां येते हें त्यास ठाऊक नसतें. आणि हुकूमनामा मिळाला तरी तेवढी रक्कम भरण्याची ऐपत समोरच्या माणसास असेलच असें नाहीं. ही दुसरी अडचण दूर करण्याची जी तजवीज आहे, तिला धंदेवाईक जबाबदारीचा विमा, अथवा विमा कंपन्यांच्या भाषेंत ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’, असें म्हणतात.

प्रथम कायदा पाहूं. १९५३ च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. उपचारासाठीं त्यास पुण्यास नेलें. तेथें तो दगावला. शस्त्रवैद्याच्या हयगयीबद्दल दावा झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत वैद्यानें वाजवी काळजी घेतली पाहिजे, असें त्या निकालानें ठरविलें. मात्र असामान्य कौशल्य कायदा मागत नाहीं. त्या धंद्यांतील साधारण जाणत्या माणसाचें कौशल्य मागतो. म्हणून गाय मेली किंवा पीक बुडालें एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाहीं.

दिवाणी कोर्टाखेरीज ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं येते, असा निकाल १९९५ सालीं झाला. बियाणें विकत घेणारा शेतकरी ग्राहकच होय, हें २०१२ सालीं ठरलें. उलट, वकिलांची सेवा त्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं, असें न्यायालयानें २०२४ सालीं सांगितलें. फुकट केलेल्या सेवेसही तो कायदा लागू नाहीं. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणें तक्रार करण्यास, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

आतां विम्याकडे वळूं. हा विमा तज्ज्ञानें स्वतः उतरावयाचा असतो व हप्ताही त्यानेंच भरावयाचा असतो. त्याच्या हातून धंद्याच्या कामांत चूक होऊन कायद्यानें भरपाई द्यावी लागली, तर पॉलिसींतील मर्यादेपर्यंत ती कंपनी देते. दावा लढविण्याचा खर्चही बहुधा त्यांतच येतो. ही मर्यादा एका दाव्यापुरती व संपूर्ण वर्षापुरती अशी दुहेरी असते, आणि आरंभींची ठराविक रक्कम तज्ज्ञासच सोसावी लागते. मुद्दाम केलेलें कृत्य, गुन्हा व दंड यांस हा विमा लागू नसतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. आपल्याकडील या पॉलिसी साधारणतः चूक केव्हां झाली एवढ्यावर न चालतां, दावा केव्हां आला यावर चालतात. काम २०२३ सालीं झालें आणि दावा २०२५ सालीं आला, तर २०२५ सालीं पॉलिसी चालू असली पाहिजे. शिवाय तिच्यांत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतर तें काम झालेलें असलें पाहिजे. मध्येंच हप्ता चुकविणारा तज्ज्ञ जुन्या कामाचेंही संरक्षण गमावून बसतो. म्हणून शेतकऱ्यानेंही नुकसान दिसतांच लेखी कळवावें. उशीर दोघांसही बाधतो.

निरनिराळ्या विम्यांची गल्लत मात्र करूं नये. समजा, ऊसांतील तणासाठीं मारलेलें २,४-डी वाऱ्यानें उडून शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कपाशीवर गेलें. हीं दोन्ही पिकें त्या औषधास फार नाजूक आहेत. औषध चुकीचें सुचविलें असेल तर प्रश्न सल्लागाराच्या धंदेवाईक विम्याचा; औषधच सदोष असेल तर तें करणाऱ्याच्या मालविषयक विम्याचा; आणि ड्रोन चालविण्यांत चूक होऊन शेजाऱ्याचें नुकसान झालें असेल तर त्रयस्थ विम्याचा. ड्रोन नियम, २०२१ अन्वयें २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन सोडून इतरांस त्रयस्थ विमा सक्तीचा आहे, आणि फवारणीचे ड्रोन याहून कितीतरी जड असतात.

तेव्हां मोठें काम सोंपविण्यापूर्वीं तज्ज्ञास विम्याची मुदत, मर्यादा व कामाचा प्रकार विचारावा. यांत संकोच नको. सल्ला लेखी घ्यावा, पावती जपावी, औषधाचा डबा व बियाण्याची पिशवी फेंकूं नये, आणि नुकसान झाल्यास शेतकी अधिकाऱ्याकडून पंचनामा करवावा. पुराव्यावांचून कोणताही विमा उपयोगी पडत नाहीं. ज्या सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या सभासदांस भाड्यानें फवारणी करून देतात किंवा सल्ला विकतात, त्यांनीं स्वतःसही तज्ज्ञांतच गणावें. हप्त्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकांत घालणें, हें एका दाव्यांत संस्थेचें भांडवल गमावण्यापेक्षां केव्हांही श्रेयस्कर होय.