स्वमग्नता आणि मूलपेशींचा भ्रम

स्वमग्न मुलाचे आईबाप मेहरूणचे असोत वा धुळ्याचे, "मुंबईस नेऊन स्टेम सेल करा, मूल बोलू लागेल" हा सल्ला त्यांना कोणीतरी देतोच. आणि दागिने मोडण्याची, शेत गहाण टाकण्याची तजवीज सुरू होते. हा समज खोटा आहे.

या उपचारात मुलाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून तिच्यातील मूलपेशी (स्टेम सेल) पाठीच्या कण्यातील द्रवात सोडतात. या मूलपेशींचे कार्य रक्त निर्माण करण्याचे, म्हणून रक्ताच्या कर्करोगात त्यांचे प्रत्यारोपण मान्य आहे. परंतु स्वमग्नतेत, जिथे एखादा पेशीसमूह नष्ट झालेलाच नाही, मेंदूची जडणघडणच जन्मापूर्वीपासून निराळी आहे, तिथे त्यांनी दुरुस्त काय करावयाचे? अमक्याच्या मुलास गुण आला, असे सांगतात. मूल वयाने वाढत असते, वाचोपचारही चालू असतात. तेव्हा तुलनेवाचून गुणाचे श्रेय कोणास द्यावे? तशी तुलना अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने केली: १८० मुलांपैकी काहींना मूलपेशी असलेले नाळेतील रक्त व काहींना निव्वळ पेशीविरहित द्रव देऊन सहा महिन्यांनी पाहिले असता, सामाजिक कौशल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले.

'स्वतःच्याच पेशी, मग अपाय कसला?' भूल, कण्यातील सुई आणि जंतुसंसर्ग यांचा धोका पेशी कोणाच्या हे पाहत नाही. 'सरकारची मुभा आहे' हेही असत्य: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्तविकारांपलीकडील असा वापर केवळ संशोधनापुरता आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी तो निषिद्ध मानला, आणि ३० जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो देता येणार नाही, असा निर्णय दिला. अशा चाचणीत पालकांकडून पैसे घेता येत नाहीत. जिथे लाखांची पावती फाडली जाते, तिथे संशोधनाचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही.

उपचाराप्रमाणेच कारणांविषयीचे भ्रमही असेच: लसीने स्वमग्नता येते, हे सांगणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला. आईच्या मायेच्या उणिवेने ती येते, हे तर निखालस खोटे आणि क्रूरही.

वाचोपचार, व्यवसायोपचार व वर्तनोपचार यांस पर्याय नाही. ते लवकर सुरू करावेत, आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या मर्यादेत अशा उपचारांचाही खर्च मिळतो, म्हणून दागिन्यांस हात लावण्यापूर्वी पालकांनी त्याचा अर्ज भरावा.