डॉक्टरकीच्या क्लासची फी : आधी हिशेब, मग बयाणा

दहावीचा निकाल लागला की ढाणकीच्या बाजारात दोन प्रकारची पत्रके हातात पडू लागतात. एक बियाण्यांची आणि दुसरी क्लासची. दोन्हींवर भरघोस पिकाचे फोटो असतात. शेतकरी निदान बियाण्याची पिशवी उलटून पाहतो, उगवणशक्ती विचारतो, पावती मागतो. क्लासच्या बाबतीत मात्र एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारा आपला दुकानदार एकदम हळवा होतो आणि तोळाभर सोने मोडून मोकळा होतो.

आमच्या ओळखीचे एक पिंजारी बंधू आहेत. गादी-रजईचे छोटे दुकान, रुई पिंजण्याचे एक यंत्र, हाताखाली दोन कारागीर. मुलीला दहावीला ९१ टक्के मिळाले आणि तिने डॉक्टर व्हायचे म्हटले. त्यांनी विचारले, "भाई, नांदेडला पाठवू का? तुम्ही सांगाल तसे करतो." सांगण्याआधी त्यांचा कागद पाहिला. त्यावर एकच आकडा होता : क्लासची फी १,२०,००० रुपये.

हा आकडा म्हणजे गादीच्या नुसत्या खोळीची किंमत झाली. आम्ही दुकानातच बसून पुढचे लिहिले. फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,६०० रुपये. (व्यापारी बंधूंनी एक लक्षात ठेवावे. मुलीच्या शिक्षणावर भरलेला हा कर दुकानाच्या करातून वजा मिळत नाही.) खोली आणि मेस महिना ९,००० धरली तर ११ महिन्यांचे ९९,०००. पुस्तके, चाचण्या, जाणे-येणे २०,०००. एका वर्षाचे झाले २,६०,६०० रुपये. अकरावी आणि बारावी मिळून ५,२१,२००. आणि पहिल्या खेपेस नंबर लागला नाही, तर 'रिपीट'चे तिसरे वर्ष, म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर. प्रत्येकाच्या बाबतीत आकडे कमी-जास्त होतील, पण रीत हीच. पिंजारी बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता या पैशाच्या बदल्यात काय मिळते ते पाहू. २०२५ च्या नीट परीक्षेला देशभरातून २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले. त्यातले १२ लाख ३६ हजार 'पात्र' ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या साधारण निम्म्या. म्हणजे दहा पात्र मुलांमागे एक जागा आणि सरकारी जागा तर वीस मुलांमागे एक. त्या वर्षी खुल्या गटात पात्र ठरण्यासाठी ७२० पैकी १४४ गुण पुरेसे होते, ओबीसींना ११३. तेव्हा क्लासच्या फलकावर 'शंभरपैकी ऐंशी विद्यार्थी नीट पात्र' असे दिसले, तर त्यात फारसे काही नाही हे समजावे. विचारायचे ते हे : तुमच्याकडे किती मुलांनी फी भरली, आणि त्यातल्या किती जणांना सरकारी जागा मिळाली? कापसाची गाठ घेताना आपण वरचे मूठभर पाहत नाही, आतून ओढून पाहतो.

फलकावरच्या फोटोंचेही तसेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स, किती दिवसांचा, पैसे भरून केला की फुकट, हेही सांगायला हवे. बऱ्याचदा तो हसरा चेहरा शेवटच्या महिन्याच्या चाचणी-मालिकेपुरता आलेला असतो.

गुणांचे गणित तर याहून फसवे. २०२४ ला पहिला आलेल्याचे गुण ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला ६८६. गेल्या साली अमुक गुणांवर शेजारच्या मुलाचा नंबर लागला, हे सांगून काही उपयोग नाही. गुण नव्हे, क्रमांक विचारावा.

आणि मुख्य मुद्दा हा की क्लासमुळे गुण वाढतात का, हा प्रश्नच अर्धा आहे. वाढतात. शिस्त लागते, चाचण्या होतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कसा जातो ते अंगवळणी पडते. पण वाढलेले गुण तुमच्या ऐपतीच्या रेषेच्या पलीकडे नेतात का, ते पाहायचे. ज्याला खासगी महाविद्यालयाची वर्षाला काही लाखांची फी साडेचार वर्षे झेपणार नाही, त्याच्या मुलाचे गुण ३५० चे ४५० झाले आणि सरकारी जागा ४५० च्या बरीच वर थांबली, तर त्या शंभर गुणांची बाजारात किंमत शून्य. पाच लाख मात्र गेलेले असतात.

ही रेषा प्रत्येक घराची वेगळी असते, आणि आपल्या समाजात ती कोणी नीट मोजतच नाही. पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी अशा अनेक कारागीर व व्यापारी बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. १९९४ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना मुस्लिम ओबीसींच्या सवलतींचा निर्णय झाला, त्यासाठी समाजातल्या माणसांनी गावोगाव हिंडून चळवळ केली होती. आज त्यांचीच नातवंडे खुल्या गटातून अर्ज भरतात. कारण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले आहे आणि वेळेत कोणी कागद काढले नाहीत.

पिंजारी बंधूंच्या मुलीच्या बाबतीत तर याचे मोल क्लासच्या फीपेक्षा जास्त आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. वैद्यकीय अभ्यासक्रमही त्यात आहे आणि केंद्रीय फेरीतून मिळालेली खासगी महाविद्यालयातली जागाही. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठे मात्र त्यात नाहीत. वसतिगृह, मेस आणि इतर खर्च उरतोच. पण मुलाची रेषा जिथे सरकारी जागेवर थांबते, तिथे याच घरातल्या मुलीची रेषा खाली येते. मुलासाठी दुकान गहाण टाकायला तयार असलेले आणि मुलीला "डी.एड. कर" म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी निदान व्यापारी नजरेने तरी हे पाहावे.

कोठे पाठवायचे, याबद्दल जुन्या माणसांचे सल्ले आता कामाचे राहिलेले नाहीत. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चे प्रादेशिक सूत्र होते. बारावी ज्या विभागात केली त्या विभागाच्या ७० टक्के जागांवर हक्क. त्यामुळे ढाणकीचा मुलगा पैनगंगा ओलांडून नांदेडला किंवा लातूरला शिकला की तो मराठवाड्याचा होई. ते सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. दुसरीकडे जागाही जवळ आल्या आहेत. यवतमाळ आणि नांदेडची सरकारी महाविद्यालये जुनीच, १९८०-९० च्या सुमाराची. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम आणि हिंगोली येथेही प्रत्येकी १०० जागांची सरकारी महाविद्यालये सुरू झाली. शहराबाहेरचा एक पर्याय अनेक घरांत चर्चेला येतो, तो बीदरच्या शाहीन संस्थेचा. अब्दुल कदीर यांनी १९८९ मध्ये मूठभर मुलांवर सुरू केलेली ही संस्था आज नीटसाठी ओळखली जाते, हाफिज मुलांसाठीही तिने वेगळी वाट काढली. आपल्या वातावरणात मूल राहते हे खरे. पण हिशेब तिथेही वर सांगितला तोच करावा.

घरबसल्याही बरेच होते. ओबीसी मुलांसाठी नागपूरची 'महाज्योती' संस्था दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेल्यांना नीटचे ऑनलाइन प्रशिक्षण आणि सोबत टॅब देते. केंद्र सरकारचे आयआयटी कानपूरमार्फत चालणारे 'साथी' हे संकेतस्थळ सर्वांनाच मोफत आहे. परीक्षेचा पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांचा, आणि प्रश्नपत्रिका मराठी व उर्दूतूनही मिळते. उर्दू घेऊन दहावी झालेल्या मुलांना युनानीची, म्हणजे बीयूएमएसची वाटही याच नीटमधून जाते. मालेगाव, पुणे येथे जुनी तिब्बिया महाविद्यालये आहेत. ती वाट कमीपणाची समजू नये.

पैसे भरायचेच ठरले, तर आणखी एक गोष्ट. क्लासची फी मे-जूनमध्ये मागतात आणि "एकरकमी भरा, सूट घ्या" म्हणतात. आपल्याकडे त्याच वेळी लग्नसराईचा माल उधारीवर गेलेला असतो. ती उधारी सोयाबीन-कापूस घरात आल्यावर सुटते. जूनमध्ये भांडवल उपसून फी भरणारा दुकानदार दिवाळीपूर्वी माल भरायला व्याजाने पैसे काढतो. सूट दहा हजारांची, व्याज त्याहून जास्त, आणि गुनाह वेगळाच. हप्ते मागा, जरा महाग पडले तरी. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये आणि मूल मधेच बाहेर पडले तर उरलेल्या दिवसांची फी, वसतिगृहासह, दहा दिवसांत परत करावी, असे आहे. सूचना आहेत, तेव्हा बयाणा देण्यापूर्वी हे कलम पावतीवरच लिहून घ्यावे. कोटा शहरात २०२३ साली कित्येक मुलांनी जीव दिला, त्यानंतर या सूचना आल्या आहेत.

पिंजारी बंधूंना आम्ही इतकेच सुचवले की अकरावी उमरखेडला करू द्या, महाज्योतीचा अर्ज भरा आणि वर्षअखेरीस अकरावीच्या भागावरचे जुने नीट प्रश्न घड्याळ लावून तीनदा सोडवून घ्या. निम्म्याहून बरेच वर गुण आले, तर बारावीच्या वर्षासाठी दोन-अडीच लाख काढायला हरकत नाही. एक वर्ष, आणि रिपीट झालेच तर एकदाच. कारागिरांचा पगार आणि रुईचा पैसा त्याला लावायचा नाही. गुण फारच खाली असतील, तर मुलीला समोर बसवून बोलायचे.

ते म्हणाले, "तिची अम्मी ऐकायची नाही, सगळ्यांच्या मुली नांदेडला चालल्यात." तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान कारागिरावर सोपवले आणि वडिलांच्या जुन्या शाळेत गेले. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वडिलांचे नाव रजिस्टरात सापडले, जात 'पिंजारी' अशी स्वच्छ अक्षरात. त्याची नक्कल घेऊन ते उमरखेडच्या एसटीत बसले.